बिनकोलांटी गट

मला आयुष्यात एकदाही कोलांटी मारता आलेली नाही. लहानपणी वाणगावच्या शाळेत सतरंजीवर डोकं टेकवायचे, पाय उचलायचे आणि तिथंच अडकायचे. मागच्या मुली ओरडायच्या, "ढकला गं तिला!" मग मी आडवी पडायचे, कधी डावीकडे, कधी उजवीकडे, सरळ पुढे म्हणून कधी नाही. पुढे मी शिक्षिका झाले, दुसऱ्यांच्या मुलींना कोलांट्या मारायला लावू लागले, पण माझं हे गुपित मी कुणाला कळू दिलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका हिवाळ्यात कर्मचाऱ्यांच्या क्रीडास्पर्धांचं परिपत्रक शाळेत आलं. त्यात ‘मनोरे व कसरत, प्रौढ महिला गट (कोलांटीविरहित)’ असं वाचलं, तेव्हा मला वाटलं की हा कागद कुणीतरी माझ्याचसाठी टाइप केलाय.

मी तेव्हा तलासरीजवळच्या मुलींच्या एका आश्रमशाळेत शिकवत होते. नवरा रेल्वेत, घर डहाणूला. सकाळच्या एसटीनं जायचं आणि संध्याकाळी हायवेवर उभं राहून मिळेल त्या गाडीनं परतायचं. स्वभावानं मी तापट. मुलींची रांग वाकडी झाली की माझं डोकं फिरायचं, आणि डोकं फिरलं की आवाज थेट स्वयंपाकघरापर्यंत जायचा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढची गोष्ट माझ्या त्या आवाजापासूनच सुरू होते.

स्पर्धेचे नियम मोठे प्रेमळ होते. वय तिशीच्या पुढे, संघात सात जणी, वेळ तीन मिनिटं. कोलांटी, हातचक्र, उडी यातलं काही आलंच पाहिजे असं नव्हतं. उलट मारलीच तर गुण कापणार होते. मनोऱ्यावरून उतरतानासुद्धा एकेक पाय टेकवत सावकाश उतरायचं. दुपारच्या सुट्टीपर्यंत पुरुष शिक्षकांनी ‘कोलांटीविरहित’चं ‘बिनकोलांटी’ करून टाकलं, आणि आम्ही त्या दिवसापासून बिनकोलांटीवाल्या झालो. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "म्हणजे तुमचा मनोरा होणार की ढिगारा?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच माझ्या पंजाबी ड्रेसला पांढरं कापड आणून दिलं.

सात जणी जमवताना नाकी नऊ आले. मी एक. वसतिगृहाच्या अधीक्षिका दुसऱ्या. त्या सीमेपलीकडच्या, चांगल्या धिप्पाड, आणि काही दुखलं की गुजरातीत ओरडणाऱ्या. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई अंगानं इतक्या किरकोळ की त्यांना सगळ्यात वर बसवायचं हे बघताक्षणीच ठरलं. शाळेतल्या आणखी तीन शिक्षिका हो-नाही करत आल्या. सातवी मिळेना. तेव्हा शिकवायला तयार झालेले आमचे पीटीचे सर, निवृत्तीला आलेले, सदा गळ्यात शिट्टी, म्हणाले, "मावशीला घ्या की. मनोऱ्याला खाली खांब लागतो. तुमच्यात खांब कोण आहे?"

मावशी म्हणजे स्वयंपाकघरातली मदतनीस. शाळेतल्या दोनशे मुलींची मावशी. जवळच्याच पाड्यातली, गुडघ्यापर्यंतचं लुगडं घट्ट कसलेली, पाण्यानं भरलेलं पातेलं एकटी चुलीवर चढवणारी. मी विचारायला गेले तेव्हा ती तांदूळ निवडत होती. हसली आणि म्हणाली, "मी काय करू तठं, बाई? भाकऱ्या थापू?" मी समजावून सांगितलं. तिनं सुपातले दोन-चार खडे बाजूला काढले आणि विचारलं, "मुलींना आननार बघाय?"

"आणणार. सगळ्यांना."

"सातवीच्यांनाबी?"

"हो."

"मग येते," ती म्हणाली.

मी तिथून निघाले ती मान खाली घालून. कारण सातवीत तिची मुलगी होती, आणि तिला मुलींना का दाखवायचं होतं हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. मीही शाळेत नवीन, आणि पोर पहिलीत नवीन. सकाळी न्याहारीच्या रांगेत मावशीनं हिच्या ताटलीत उपमा वाढला, तशी ही रांग सोडून धावली आणि "आये, आये" करत तिच्या कमरेला मिठी मारून बसली. मागे पहिलीच्या तीसएक मुली उभ्या होत्या, चारच दिवसांपूर्वी घर सोडून आलेल्या. ‘आये’ हा शब्द कानावर पडला मात्र, सगळ्यांनी भोकाड पसरलं. ताटल्या खाली पडल्या, उपमा मातीत गेला. माझं डोकं फिरलं. मी त्या पोरीला दंडाला धरून बाजूला केलं आणि ओरडले, "इथं कुणाची आये नाही! इथं सगळ्यांची मावशी आहे. तूही मावशीच म्हणायचं. समजलं?"

पोरीनं आईकडे बघितलं. आईनं माझ्याकडे बघितलं, आणि हळूच तिला म्हणाली, "बाईंचं आयक."

मला त्या वेळी मी फार न्यायी वाटले होते. सगळ्या मुलींना सारखा नियम. मावशी म्हणजे आईची बहीण, त्यात वाईट ते काय! पोरीनं ते ऐकलं, आणि असं ऐकलं की नंतर सहा वर्षांत शाळेच्या आवारात तिच्या तोंडून दुसरा शब्द गेला नाही. हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखं, दोन वेण्यांना लाल रिबिनी. वाढपाच्या ओळीत ताटली पुढे करून म्हणायची, "मावशी, भात कमी." मलाही त्यात काही खटकेनासं झालं होतं.

सराव शाळा सुटल्यावर तासभर चालायचा, आवारातल्या चिंचेखाली. मनोरा साधाच होता. खाली तिघी, पाय फाकवून, गुडघे वाकवून, एकमेकींच्या कमरेभोवती हात: मध्ये मावशी, एका बाजूला अधीक्षिका, दुसऱ्या बाजूला एक शिक्षिका. त्यांच्या मांड्यांवर पाय देऊन आम्ही दोघींनी चढायचं, मी डावीकडे. माझा एक पाय अधीक्षिकांच्या मांडीवर, दुसरा मावशीच्या. मग नर्सबाई मागून चढून मावशीच्या खांद्यावर बसणार आणि दोन्ही हातांतले झेंडे वर करणार. उरलेली एक शिक्षिका पुढे एक गुडघा टेकून पाहुण्यांना नमस्कार करणार. पहिल्या दिवशी अधीक्षिका पाय आखडून "हाय हाय, मारो पग!" असं ओरडल्या आणि आम्ही सगळ्या मातीत. मावशी तेवढी उभी होती.

पण मनोऱ्याआधी गोल फिरायचं होतं, आणि तिथं गाडं अडलं. मावशीला डावं-उजवं कळेना. मी "डावीकडे वळ" म्हटलं की ती थांबायची, जेवायचा हात कुठला ते आठवायची, आणि तोवर आम्ही सगळ्या एकमेकींवर आदळायचो. मी तिला खडूनं हातावर खूण करून दिली, दोरा बांधला, ओरडून पाहिलं. माझ्या ओरडण्यानं ती अजूनच गोंधळायची आणि हसायची. शेवटी सरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "बाई, तुम्ही तिला वर्गात बसवताय. ती तारप्यावर नाचणारी बाई आहे. तारपा फुंकणारा जिकडे वळेल तिकडे सगळी माळ वळते, त्याला पाठ कुणी दाखवत नाही. डावं-उजवं कशाला लागतंय तिला? तिला शिट्टीच्या मागे जाऊ द्या."

सर चिंचेखालून शिट्टी वाजवत चालू लागले. मावशीनं आमच्या कमरांना हात घातले, पाय किंचित वाकवले आणि फिरली. ती फिरली म्हणून आम्ही सगळ्या फिरलो. सर जिकडे जातील तिकडे तोंड, सर थांबले की थांबणं, पाय आपटून एकदम. आमची माळ पहिल्यांदाच सरळ फिरली आणि मला इतका आनंद झाला की मी मावशीच्या पाठीत धपका घातला. मला आयुष्यभर न जमलेली गोष्ट त्या संध्याकाळी जमत होती: माझं अंग मी दुसऱ्या कुणाच्या तरी भरवशावर सोडलं होतं. सरांनी खिशातून चिकू काढले आणि सात जणींना अर्धा अर्धा वाटला.

एकदा मनोरा रचून सर वेळ मोजत होते. मी मावशीच्या मांडीवर पाय देऊन उभी होते. मला अवघडल्यासारखं झालं. मी खाली वाकून विचारलं, "मावशी, भार होतोय का माझा?"

"भार कसला, बाई. पोर पोटात व्हती तवा डोकीवर गवताचा भारा घेऊन डोंगर उतरलेय मी." मग ती म्हणाली, "आता घरीबी मावशीच म्हनते."

"कोण?"

"आमची पोर. सुट्टीत घरी येते तवाबी. तोंडात तोच शब्द बसलाय. बाप हसतो तिला. मी म्हनते, म्हनू दे. शाळेत चुकून दुसरं आलं तर बाई रागावतील."

तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूरही नव्हता. तांदूळ किती निवडले हे सांगावं तसं तिनं सांगितलं. मी वर उभी होते आणि खाली उतरावं की तसंच राहावं हे मला कळेना. माझ्या एका ओरडण्यानं एका बाईची ‘आये’ तिच्या घरातूनसुद्धा गेली होती, आणि त्याच बाईच्या मांडीवर मी पाय देऊन उभी होते. सरांनी शिट्टी वाजवली तेव्हा कुठं मी उतरले.

दुसऱ्या दिवशी मी पोरीला वर्गाबाहेर बोलावलं. माझ्या परीनं गोड आवाज काढला आणि म्हटलं, "अगं, आता तू मोठी झालीस. आईला आई म्हटलंस तर चालेल बरं का." तिनं खाली बघत म्हटलं, "हो, बाई." दुपारी वाढपाच्या ओळीत मी मुद्दाम तिच्या मागे उभी राहिले. तिची पाळी आली. तिनं ताटली पुढे केली, तोंड उघडलं, मागे वळून माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "मावशी, डाळ." सहा वर्षांचा नियम मोडायला माझी परवानगी पुरेशी नव्हती. आणि मी तिथं उभी असेपर्यंत तर तो मुळीच मोडणार नव्हता.

मावशीला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. फक्त सराव संपला की ती रोज एकदा विचारायची, "आननार ना सातवीच्यांना?" तिची समजूत साधी होती. पोरीनं आईला कायम चुलीपुढे, ताटल्यांपुढे बघितलेलं. एकदा माणसांत, मैदानात, सगळ्यांच्या मधोमध बघितलं तर तिला आठवेल की ही आपली कोण आहे. मला ते पटत नव्हतं, पण व्हावंसं फार वाटत होतं.

स्पर्धेच्या दिवशी मुलींना रांगेनं चालत तलासरीच्या मैदानावर आणलं. एका बाजूला मांडव, त्यात पाहुणे आणि परीक्षक. समोर, मैदानाच्या पार पलीकडे, आमच्या दोनशे मुली जमिनीवर बसलेल्या. आम्ही सहा जणी पांढऱ्या ड्रेसांत, ओढण्या कमरेला आवळलेल्या. मावशी आपल्या धुतलेल्या लुगड्यात. केसांत तिनं अबोलीचा गजरा माळला होता. मैदानात जायच्या आधी तिनं डोळ्यांवर आडवा हात धरून मुलींच्या रांगा शोधल्या. "ती बघा, तिसऱ्या वळीत," ती म्हणाली, आणि पदर नीट केला.

आमच्या आधीच्या संघातल्या एका बाईंनी उत्साहाच्या भरात मनोऱ्यावरून उडी मारली आणि त्यांचे गुण गेले. आम्ही त्यातून धडा घेतला, एकमेकींना बजावलं: उडी नाही, घाई नाही. शिट्टीचा विचार आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आला नाही.

आमचं नाव पुकारलं. सर नेहमीसारखे आमच्या पुढे, मांडवाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. तेवढ्यात एक परीक्षक उठले आणि म्हणाले, "गुरुजी, पाहुण्यांसमोर उभे राहू नका. प्रशिक्षकांनी मैदानाच्या पलीकडे." सर बिचारे नियमाचे माणूस. मुकाट्यानं मैदान ओलांडून पलीकडे गेले, मुलींच्या शेजारी उभे राहिले आणि त्यांनी शिट्टी वाजवली.

आम्ही फिरू लागलो. मावशीचे हात आमच्या कमरांना, पाय एका तालात. गोल झकास झाला, मांडवातून टाळ्याही आल्या. मग थांबायची लांब शिट्टी झाली, पलीकडून. मावशी शिट्टीकडे वळली. ती वळली म्हणून आम्ही सगळ्या वळलो. पाय आपटले आणि थांबलो, आणि मी समोर बघितलं तर पाहुणे नव्हतेच, आमच्या मुली होत्या.

"मावशी!" मी दातओठ खात पुटपुटले, "मांडव मागे आहे! पाहुणे तिकडे!"

"शिट्टी इकडं हाय," मावशी म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला होता. तिनं गुडघे वाकवले.

मी सरांकडे बघितलं. सरांच्या तोंडात शिट्टी तशीच, डोळे विस्फारलेले, त्यांनाही आत्ताच कळलं होतं. पण वेळ चालू होती आणि मावशी मांडी पुढे करून उभी होती. मी चढले. दुसरी चढली. नर्सबाई मागून मावशीच्या खांद्यावर बसल्या आणि त्यांनी झेंडे वर केले. आमची नमस्कारवाली मात्र माळेत नव्हती. ती ठरल्याप्रमाणे आधीच पुढे जाऊन मांडवाकडे तोंड करून गुडघा टेकून बसली होती. तिच्या मागे पाहुण्यांना आमच्या सहा जणींच्या पाठी दिसत होत्या, आणि ती बापडी हसतमुखानं हात जोडून होती. मांडवात हशा पिकला. तो मला पाठीवर ऐकू आला आणि माझे कान तापले.

मुली मात्र हसल्या नाहीत. त्या माना उंचावून वर बघत होत्या. मावशीला त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना शिकवणारी एक बाई तिच्या एका मांडीवर, दुसरी बाई दुसऱ्या मांडीवर, इंजेक्शन देणाऱ्या नर्सबाई तिच्या खांद्यावर. आणि मध्ये तिचा चेहरा, घामानं भिजलेला, गजरा कलंडलेला, नजर तिसऱ्या ओळीत.

तेवढ्यात वारा आला. नर्सबाईंच्या हातातले झेंडे फडफडले, त्या एका बाजूला झुकल्या आणि घाबरून त्यांनी मावशीचं डोकं धरलं. मावशीचा पाय मातीत बोटभर सरकला. मला वाटलं, गेलं सगळं.

"आये!"

तिसऱ्या ओळीत ती उभी राहिली होती. दोन्ही हात पुढे केलेले, लाल रिबिनी, तोंड रडवेलं. "आये, पडशील गं! आये!"

माझ्या पायाखाली मावशीची मांडी थरथरली. इतक्या दिवसांच्या सरावात ती पहिल्यांदाच थरथरली. मग तिनं पाय रोवला, मान ताठ केली, आणि तिच्या अंगावरच्या आम्ही तिघी होतो तिथं स्थिर झालो. मी खाली बघितलं. ती रडत होती आणि हलत नव्हती. डोळे पुसायला तिचे हात मोकळे नव्हते.

पलीकडून सरांची उतरायची शिट्टी आली. मागे मांडवात वेळ संपल्याची घंटा झाली. आता थांबण्याच्या प्रत्येक क्षणाला गुण कापले जाणार होते. तसंही आमच्यापाशी कापण्याजोगे फारसे उरले नसावेत. वरून नर्सबाई म्हणाल्या, "उतरायचं ना?" अधीक्षिका कण्हल्या. मी पाय उचलणार, तेवढ्यात खालून मावशी म्हणाली, "थांबा ना, बाई. आजून एकदा म्हनंल ती."

मुलींपाशी थांबलेली एक शिक्षिका पोरीला खाली बसवायला पुढे निघाली होती. पोरगी तिला चुकवून मैदानात शिरली, आणि मग मैदानाच्या मधोमध तिला मी दिसले. ती थबकली. सहा वर्षांपूर्वी ज्या नजरेनं तिच्या आईनं माझ्याकडे बघितलं होतं, त्याच नजरेनं बघत उभी राहिली.

मला त्या क्षणी रडू येत होतं. पण मला गोड आवाजात बोलता येत नाही, हे वाढपाच्या ओळीत सिद्ध झालंच होतं. म्हणून मी माझ्याच आवाजात ओरडले, स्वयंपाकघरापर्यंत जाणाऱ्या त्याच आवाजात: "अगं, बघतेस काय माझ्याकडे? आये आहे तुझी! पळ!"

ती पळत सुटली. "कुणीही उतरायचं नाही," मी संघाला सांगितलं. आणि आम्ही सगळ्या, पाहुण्यांकडे पाठ करून, ती पोचेपर्यंत तशाच उभ्या राहिलो.